गोव्यात संमिश्र वंशाची मुलं वाढवताना: केस, कातडी, कागद, भाषा आणि गोतावळा

अबोली_फोंडा
एक पालक इथला आणि दुसरा नायजेरियाचा, मोझांबिकचा, रशियाचा, इंग्लंडचा किंवा पोर्तुगालचा, अशी घरं आता पेडण्यापासून काणकोणापर्यंत भेटतात. या घरांतल्या आयांना हवी ती माहिती मराठीत एका जागी मिळत नाही. इंग्रजीत सापडते ती थंड हवेच्या देशांतली, तिथल्या शाळांची आणि तिथल्या कायद्यांची. आपल्याकडे जूनपासून हवेत पाणी, शाळेत दोन वेण्या आणि लाल रिबिनी, आणि बाजारात कोणीही थांबून विचारणार, "हें तुजेंच भुरगें?"

म्हणून हा धागा. विनंती एवढीच की स्वतःची कहाणी न लिहिता काय करायचं, किती प्रमाणात करायचं आणि कुठे फसतं, ते लिहा. रात्री अकराला बाळ निजल्यावर एखादी आई हे वाचेल, तिला सकाळी उपयोग व्हायला हवा.

सुरंगी
केसांपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त रडारड तिथेच होते.

आफ्रिकन वंशाच्या घट्ट कुरळ्या केसाला मुळापासून पीळ असतो. टाळूवर तयार होणारं तेल सरळ केसावरून टोकापर्यंत उतरतं, पिळाच्या केसावरून उतरत नाही. म्हणून मूळ तेलकट आणि टोक कोरडं. कोरडा केस विंचरला की तो वळणावळणावर तुटतो. सकाळी शाळेच्या घाईत कोरड्या केसांवर फणी फिरवायची आपली पद्धत या केसांना अजिबात चालत नाही.

आठवड्यातून एकदा धुवा, फार तर दहा दिवसांनी. उभा-आडवा भांग पाडून चार भाग करा, तीन भाग सैल पिळून क्लिपने अडकवा आणि एकच भाग सोडा. तो पाण्याच्या फवाऱ्याने पूर्ण ओला करा. केस खांद्यापर्यंत असतील तर एका भागाला एक मोठा चमचा कंडिशनर लागतं, थोडक्यात भागवू नका. आधी बोटांनी मोठ्या गाठी सोडवा, मग रुंद दातांची फणी टोकाला लावून दोन-दोन बोटं वर सरकत जा. गुंत्याच्या वरचा केस मुठीत धरला की ओढ डोक्याला लागत नाही. मुळापासून फणी ओढली तर सगळे गुंते खाली जमून एकच गाठ होते आणि ती कापावीच लागते.

शाम्पू सल्फेट नसलेला, आणि तो फक्त टाळूला. टॉवेलने खसाखसा पुसू नका, जुन्या सुती टी-शर्टने दाबून पाणी टिपा. केस ओलसर असतानाच आधी न धुता ठेवायचं कंडिशनर, त्यावर चार-पाच थेंब तेल, शेवटी जाडसर क्रीम. हा क्रम मोडू नका. तेल आधी लावलं तर त्याचा थर बसतो आणि वरचं काही आत जात नाही.

गोव्यापुरती खास गोष्ट म्हणजे ग्लिसरीन. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. जून ते सप्टेंबर हवा दमट असते, त्यामुळे केस फुगून भुरभुरीत होतो. बाटलीवरच्या पहिल्या चार-पाच घटकांत ग्लिसरीन दिसलं तर ती बाटली पावसाळ्यात बाजूला ठेवा. डिसेंबर-जानेवारीत तीच चांगली चालते.

बारीक वेण्या घालायच्या तर केस पूर्ण वाळल्यावरच. पावसात ओल्या वेण्या दोन-दोन दिवस वाळत नाहीत, वास धरतात, टाळूला बुरशी येते. वेणी घातल्यावर कपाळाच्या कडेला बारीक पुळ्या आल्या किंवा मूल दुखतं म्हणालं, तर त्याच दिवशी सोडा. सततच्या ओढीने कडेचं मूळ कायमचं मरतं. लहान मुलांच्या वेण्या तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नयेत. उशीला सॅटिनचा अभ्रा घाला, सुती अभ्रा केसातला ओलावा शोषतो.

मांडवी
खोबरेल तेलाला माझा ठाम पाठिंबा. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं. खनिज तेल नुसतं वर बसतं.

सुरंगी
मांडवी, केसाच्या दांड्याला खोबरेल, मान्य. धुण्याच्या आदल्या रात्री लावलं तर उत्तमच. पण टाळूवर चोपडू नका. आपल्या घामट हवेत टाळूवरची बुरशी तेलातल्या घटकांवरच वाढते आणि कोंडा चिकट होतो. आज्या रोज तेल थापतात, तिथे हाच घोळ होतो. काही मुलांचे केस खोबरेलाने कडक, काटक्यांसारखे होतात. तसं झालं तर एरंडेल किंवा बदामाचं वापरून बघा.

काणकोणची
जावळ काढलं की केस सरळ येतात, असं घरचे म्हणतात. खरं आहे का?

सुरंगी
नाही. केसाचा आकार कातडीच्या आत, मुळाच्या खोबणीत ठरतो. वस्तरा वरचा केस कापतो, खोबणीला हात लावत नाही. जावळ संस्कार म्हणून हवं असेल तर आनंदाने करा, केस सरळ होतील या आशेने करू नका. ती आशा मुलासमोर बोलून दाखवली तर मूल ती विसरत नाही.

समुद्रावर जाण्याआधी केस गोड्या पाण्याने भिजवून कंडिशनर लावा. आधीच पाणी प्यालेला केस खारं पाणी कमी घेतो. तरणतलावाच्या क्लोरीनलाही हेच.

पारिजात
आता कातडी आणि रक्त.

बाळाच्या पाठीवर, ढुंगणावर निळसर-करडे डाग असतील तर घाबरू नका. आशियाई आणि आफ्रिकन वंशाच्या बाळांत ते नेहमी दिसतात आणि बहुधा शाळेच्या वयापर्यंत फिके होतात. पण ते मुक्या मारासारखे दिसतात. परदेशी पाळणाघरात किंवा दवाखान्यात त्यावरून मारहाणीचा संशय घेतला जाऊ शकतो. पहिल्या लसीच्या वेळीच डॉक्टरांकडून माता-बाल संरक्षण कार्डावर जागा, आकार आणि तारीख लिहून घ्या. फोटोही काढून ठेवा.

गडद कातडीवर इसब लाल दिसत नाही. तपकिरी, जांभळट किंवा करडं दिसतं, बोटाला खरखरीत लागतं. कोपराच्या आणि गुडघ्याच्या घड्या हाताने चाचपून बघा. कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्यात आणि हिरड्यांवर बघा, कातडीवर कळत नाही. श्वासाचा त्रास असेल तर निळेपणा ओठांच्या आतल्या बाजूला शोधा.

गोऱ्या कातडीचं मूल असेल तर सहा महिन्यांपर्यंत सावली आणि लांब बाह्यांचा सुती कपडा. नंतर एसपीएफ 30 किंवा जास्त, बाहेर पडण्याआधी 15 ते 20 मिनिटं, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला सहा-सात चहाचे चमचे लागतात, पाच-सहा वर्षांच्या मुलाला त्याच्या निम्मे. बोटभर लावून मूल होरपळतं आणि मग क्रीमला दोष जातो.

उजळ व्हावं म्हणून डाळीचं पीठ, हळद, लिंबू लावून रगडू नका. कातडीचं आवरण फाटतं आणि इसब भडकतं. रंग उजळवणाऱ्या मलमांत स्टेरॉइड असू शकतं, त्याने मुलाची कातडी पातळ होते.

रक्ताचं महत्त्वाचं. पश्चिम आफ्रिकेत सिकलसेलचा गुण बऱ्याच लोकांत असतो, आपल्याकडे बीटा थॅलेसेमियाचा असतो. एकाकडून एक आणि दुसऱ्याकडून दुसरा आला तर मुलाला गंभीर आजार होऊ शकतो, आई-वडील दोघे ठणठणीत असले तरी. म्हणून गरोदरपणाच्या सुरुवातीलाच, शक्य तर त्याआधी, दोघांचीही एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी रक्ताची) चाचणी करा. मुलाचं हिमोग्लोबिन लोहाच्या औषधाने हलत नसेल तर लोह वाढवत बसण्याआधी हीच चाचणी करून घ्या.

आणि जी-सिक्स-पीडी. या एन्झाइमची कमतरता आफ्रिकन, भूमध्य सागरी आणि भारतीय वंशांत सापडते, मुलग्यांत जास्त. अशा बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे किंवा दुपटी गुंडाळली तर रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. आजीच्या पेटीतली जुनी दुपटी धुऊन, दोन दिवस उन्हात घालून मगच वापरा. खरं तर डांबरगोळ्या घरातूनच काढा. व्हायवॅक्स मलेरियावर प्रायमाक्विन देण्याआधीही ही चाचणी व्हायला हवी, हे डॉक्टरांना आठवणीने विचारा.

दक्षिणवारा
पारिजात यांचा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा आहे. मी कागदांचं लिहितो. इथे एक चूक वर्षानुवर्षं छळते.

जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत. नाव ठरलं नसेल तरी नोंद करा, नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. नावाचा साचा मात्र आधी पक्का करा. आपल्याकडे मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव. परदेशी पासपोर्टात आडनाव वेगळ्या रकान्यात आणि मधलं नाव स्वतःचंच असतं. दाखल्यात बापाचं नाव मधे घुसलं आणि परदेशी पासपोर्टात नाही, की ही दोन वेगळी मुलं आहेत असं प्रत्येक खिडकीवरचा माणूस म्हणतो. बापाच्या पासपोर्टाची प्रत समोर ठेवून एकेक अक्षर जुळवा आणि सही करण्याआधी मसुदा मोठ्याने वाचा.

नागरिकत्व: 3 डिसेंबर 2004 नंतर भारतात जन्म, एक पालक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसेल, तर मूल जन्माने भारतीय. दुसऱ्या पालकाच्या व्हिसाची मुदत संपलेली असेल तर इथेच घोटाळा होतो, म्हणून बाळंतपणाच्या आधी व्हिसा तपासा. जन्म परदेशात झाला असेल तर एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं निवेदन. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी लागते.

दुहेरी नागरिकत्व भारतात नाही. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) हे परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड, नागरिकत्व नव्हे. परदेशी पासपोर्ट घेतला की भारतीय पासपोर्ट जमा करायचा आणि त्याचा दाखला जपून ठेवायचा, ओसीआयच्या अर्जाला तो लागतो. ओसीआय अर्ज ऑनलाइन. सोबत जन्मदाखला, दोघा पालकांचे पासपोर्ट, विवाह नोंदणीचा दाखला, दोघांचंही संमतिपत्र. सही न येणाऱ्या बाळाचा अंगठा. भारतातून शुल्क 15,000 रुपये. परदेशी पासपोर्ट हातात आणि ओसीआय अजून नाही, अशा मधल्या काळात मूल व्हिसाशिवाय राहतं. त्यासाठी ई-एफआरआरओवर (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर) वेळेत अर्ज करा, नाहीतर विमानतळावर अडवतात.

काणकोणची
मग भारतीय पासपोर्ट ठेवणं बरं की ओसीआय?

दक्षिणवारा
मूल इथेच शिकणार असेल तर माझं मत भारतीय पासपोर्ट. ओसीआय असलेल्याला मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. शिवाय 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेनंतर नीट, जेईईसारख्या परीक्षांत ओसीआय मुलांना अनिवासी भारतीयांच्या जागांवरच प्रवेश. त्या तारखेआधी ओसीआय मिळालेल्यांना सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये दिलासा दिला, पण आज पाळण्यात असलेल्या बाळाला नवा नियमच लागू. सतरा-अठरा वर्षांनी वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी हे कळून उपयोग नाही.

जोडीदाराला ओसीआय हवं असेल तर नोंदणीकृत विवाहाला सलग दोन वर्षं पूर्ण व्हावी लागतात. गोव्यात नोंदणी निबंधकाकडे आधी विवाहाची इच्छा नोंदवून आणि नंतर दुसरी सही करून होते. पहिली सही करून दुसरीला न जाणारी जोडपी भेटतात, त्यांचा विवाह कायद्याने पूर्ण झालेलाच नसतो.

मूल एका पालकाबरोबर प्रवास करत असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र आणि जन्मदाखल्याची मूळ प्रत हातातल्या पिशवीत, सामानात नको. चेहरा आणि आडनाव जुळत नसलं की विचारणा होतेच.

मांडवी
भाषेचं कोणी लिहिणार का? आईची मराठी, बापाची योरुबा किंवा रशियन, वाड्यावर कोकणी, शाळेत इंग्रजी. एवढ्या भाषांनी मूल उशिरा बोलतं म्हणतात.

शेवंती_डिचोली
अनेक भाषांमुळे उशीर होत नाही. शब्द मोजताना सगळ्या भाषांतले एकत्र मोजा. "दूध", "मिल्क" हे दोन शब्द. बाराव्या महिन्यापर्यंत बडबड नाही, सोळाव्यापर्यंत एकही शब्द नाही, चोविसाव्यापर्यंत दोन शब्दांची जोडणी नाही, तर आधी कानांची तपासणी करा आणि मग वाचा उपचारतज्ज्ञाकडे जा. एक भाषा बंद करा असा सल्ला मिळाला तर दुसरं मत घ्या. मुलाने एका वाक्यात दोन भाषा मिसळल्या तर ती चूक नव्हे. तुम्ही तेच वाक्य एका भाषेत पुन्हा म्हणा आणि पुढे चला.

भाषा टिकते ती तासांवर. लहान मुलाचे आठवड्यातले जागे तास साधारण 80. बाप कामावरून आठला येतो आणि अर्धा तास बोलतो, म्हणजे आठवड्याला साडेतीन तास. एवढ्यावर मूल समजेल, बोलणार नाही. ढोबळ हिशेबाने 15 ते 20 तास तरी हवेत. मग बापाची आंघोळीची वेळ, शाळेची ने-आण, तिकडच्या आजीशी रोजचा व्हिडिओ कॉल, असे ठरलेले तास त्या भाषेला द्या. कार्टून लावून ठेवल्याने हे तास भरत नाहीत, समोर उत्तर देणारं माणूस लागतं.

कोकणीची वेगळी शिकवणी नको. संध्याकाळी वाड्यावर खेळायला सोडा. कोकणी आलेल्या मुलाला इथे कोणी फार काळ परकं मानत नाही.

अबोली_फोंडा
शेवंतीताई, शेवटच्या वाक्याला मनापासून अनुमोदन. आता बोलण्याचा कठीण भाग. "बापूय खंयचो?" इथपासून "खापरी" (काळ्यांसाठी), "पाखलो" (गोऱ्यांसाठी) इथपर्यंत मुलाच्या कानावर पडतं. काय करावं?

शेवंती_डिचोली
परक्यांना एकच उत्तर ठरवून ठेवा आणि मुलासमोर नेहमी तेच द्या: "हो, माझीच. फोंड्याची आहे." बापाचा देश, लग्न कसं झालं, हे काही सांगायला तुम्ही बांधील नाही. मूल तुमच्या शब्दांपेक्षा आवाज ऐकतं. आवाज ओशाळा झाला की आपल्यात काही लपवण्यासारखं आहे, असं ते धरून चालतं.

तीन-चार वर्षांचं मूल "मी काळी का?" विचारतं तेव्हा त्याला खरंच माहिती हवी असते. "कातडीत मेलॅनिन नावाचा रंग असतो. बाबाकडे जास्त, माझ्याकडे थोडा कमी, तुला दोघांकडून मिळाला." एवढं पुरे. "काळी कुठे, गव्हाळ आहेस" असं कधी म्हणू नका. त्याने काळं असणं वाईट हेच शिकवलं जातं. रंगपेटीतल्या फिक्या गुलाबी खडूला घरात "अंगाचा रंग" म्हणू नका. तपकिरी, नारिंगी, पिवळा आणि पांढरा मिसळून घरातल्या प्रत्येकाचा रंग करायला बसवा.

आजीशी भांडण न करता नियम सांगा: "आई, रंगाबद्दल चांगलं नको, वाईटही नको. तिच्या धावण्याचं कौतुक करा, गाण्याचं करा."

समुद्रकिनाऱ्यावर फोटो मागणाऱ्यांचा ताप इथे फार. मुलाच्या आणि त्यांच्या मधे उभं राहा, मोबाइलसमोर तळहात धरा आणि म्हणा, "फोटो काडूं नाकात." आधी हसून नकार दिला की लोक आग्रह करतात. केसांना हात लावू देऊ नका, आणि "माझे केस आहेत, हात नको" हे मुलाला घरी मोठ्याने म्हणायचा सराव द्या.

शाळेत चिडवलं तर मुलाने सांगितलेले शब्द जसेच्या तसे लिहा, तारीख घाला. वर्गशिक्षकांना भेटा, पण त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी पत्र देऊन पोच घ्या. तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही. पत्रात "त्रास देतात" असं मोघम लिहिलं तर उत्तरही मोघमच येतं. गोवा बाल कायदा, 2003 मध्ये मुलाच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणारे शब्दही बालछळात मोजले आहेत, तो उल्लेख करा. हालचाल झाली नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोग. तातडीला 1098.

सुरंगी
रिबिनींबद्दल: शाळा अडून बसली तर डोक्याला लागून घातलेल्या सपाट वेण्या दोन्हीकडे एकत्र करून टोकाला रिबीन बांधा. नियमही पाळला जातो आणि केसही वाचतात. वर्ष सुरू होण्याआधीच मुख्याध्यापिकांना दाखवा.

काणकोणची
आणि एकटेपणा? अशा आयांनी एकमेकींना शोधायचं कुठे?

मांडवी
हे मी लिहिते. किनारी भागातले परदेशी पालकांचे गट नोव्हेंबर ते एप्रिल गजबजलेले असतात. मे लागला की व्हिसा आणि उकाडा दोन्ही त्यांना घालवतात आणि पावसाळ्यात, जेव्हा घरात कोंडलेल्या आईला माणसाची खरी गरज असते, तेव्हा गटात कोणी उरत नाही. म्हणून गटाचा गाभा बारा महिने इथे राहणाऱ्या चार-पाच जणींचा करा, हंगामी माणसं वरून जोडा. म्हापशाच्या लोकांना काणकोण जमणार नाही. तालुक्यापुरतेच गट करा.

पाच ते आठ घरं, पंधरवड्याला एकदा, दीड तास, ठरलेला वार. उन्हं उतरल्यावर साडेचार बरं. फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत, हा नियम पहिल्याच दिवशी. खाणं प्रत्येकीने आपापलं, नाहीतर यजमानीण दमते आणि तिसऱ्या भेटीनंतर गट मोडतो. मोठी मुलं लहानांत मिसळू द्या. आपल्यासारखाच दिसणारा दहा वर्षांचा दादा भेटणं चार वर्षांच्या मुलाला फार लागतं.

पण फक्त अशाच गटात राहू नका. मूल स्वतःला गोव्यातला पाहुणा समजू लागतं. बालभवनच्या वर्गात घाला. चवथीची माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधायला, नरकासुर करायला, माशेलच्या चिखलकाल्यात, सांजावच्या दिवशी कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालायला पाठवा. गावच्या मैदानावर फुटबॉलला नाव घाला. तिथे आठवड्याला चार संध्याकाळी तीच मुलं भेटतात, ओळख आपोआप मुरते.

बापाच्या बाजूचीही माणसं हवीत. प्रार्थनासभा, विद्यार्थी मंडळं, पणजीत पोर्तुगीज किंवा फ्रेंच शिकवणारे वर्ग. आफ्रिकन मूळ असलेल्या मुलाला हेही सांगा की सीमेपलीकडे हल्याळ, यल्लापूर, अंकोल्याकडे सिद्दी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत आणि घरात कोकणीची बोली बोलतात. आफ्रिकन चेहरा आणि कोकणी भाषा एकत्र असणं या मातीला नवं नाही.

काणकोणची
पावसात जागा कुठली धरावी? घरं लहान आहेत.

मांडवी
पणजीच्या जवळ असाल तर पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा बालविभाग. बाकी ठिकाणी पंचायतीचं सभागृह किंवा चर्चचा हॉल, सरपंचांना किंवा पाद्रींना महिनाभर आधी लेखी अर्ज द्या आणि जून ते सप्टेंबर चारही महिन्यांचे वार एकदमच लिहून घ्या. चवथीच्या आठवड्यात हॉल मिळत नाही, तो वार आधीच सोडून ठेवा. वीज जाते, तेव्हा दोन टॉर्च आणि खाली अंथरायला चटया न्या.